वॉल्टर टल (१८८८–१९१८) : फुटबॉलपटू ते सेकंड लेफ्टनंट. खात्रीचं काय, भर घातलेलं काय?

हाफबॅक (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धात गेलेल्या फुटबॉलपटूंमध्ये वॉल्टर टल हे नाव आता सगळ्यात जास्त घेतलं जातं. नॉर्दॅम्प्टनच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर १९९९ पासून त्याचं स्मारक आहे, २०१८ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं, पाच पौंडांचं नाणंही निघालं. पण नाव जितकं पसरलं तितक्या चुकाही पसरल्या. "इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू", "ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी", "मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाचा मानकरी" ही तीन वाक्यं मराठी लेखांतही सर्रास दिसतात आणि तिन्ही चूक आहेत. म्हणून जे पक्कं आहे ते एका जागी मांडतो. ज्यांना भर घालायची आहे त्यांनी जरूर घालावी.

जन्म २८ एप्रिल १८८८, केंट परगण्यातल्या फोकस्टन या बंदराच्या गावी. वडील डॅनियल टल सुतार, मूळचे बार्बाडोसचे. डॅनियलचे वडील तिथे गुलाम होते. डॅनियल १८७६ मध्ये फोकस्टनला आले आणि तिथल्याच ॲलिस पामर हिच्याशी त्यांचं लग्न झालं. १८९५ मध्ये ॲलिस कर्करोगाने गेली. डॅनियलने ॲलिसच्या चुलतबहिणीशी, क्लाराशी लग्न केलं, पण १८९७ च्या डिसेंबरात तेही हृदयविकाराने गेले. क्लाराच्या पदरी सवतीची मुलं आणि स्वतःची तान्ही मुलगी. सगळ्यांना सांभाळणं तिला शक्य नव्हतं. १८९८ च्या फेब्रुवारीत वॉल्टर आणि त्याचा थोरला भाऊ एडवर्ड यांना लंडनच्या बेथनल ग्रीन भागात, बॉनर रोडवरच्या मेथडिस्ट अनाथालयात ठेवलं गेलं. वॉल्टर तेव्हा नऊ वर्षांचा होता.

अनाथालयाच्या गायनवृंदात एडवर्ड गायचा. १९०० मध्ये ग्लासगोच्या वॉरनॉक कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं. दत्तक वडील दंतवैद्य होते, पुढे एडवर्डही दंतवैद्य झाला. वॉल्टर एकटा मागे राहिला. त्याने अनाथालयातच छपाईचं काम शिकायला घेतलं आणि तिथल्याच संघातून फुटबॉल खेळू लागला.

१९०८-०९ च्या हंगामात तो क्लॅप्टन या पूर्व लंडनच्या हौशी संघात आला. त्या एका हंगामात क्लॅप्टनने एफए ॲमॅच्युअर कप, लंडन सीनियर कप आणि लंडन काउंटी ॲमॅच्युअर कप असे तीन चषक जिंकले. मार्च १९०९ मध्ये 'फुटबॉल स्टार' या पत्राने त्याला हंगामातली सर्वोत्तम प्राप्ती म्हटलं. टॉटनहॅम हॉटस्परने त्याला १९०९ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर नेलं आणि त्याच वर्षी व्यावसायिक म्हणून करारबद्ध केलं. करारावर सही केल्याचे १० पौंड आणि आठवड्याला ४ पौंड. दोन्ही आकडे त्या वेळच्या नियमांनुसार कमाल मर्यादेचे, म्हणजे संघाने त्याला देता येईल तेवढं सगळं दिलं होतं.

फुटबॉल लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागातला त्याचा पहिला सामना सप्टेंबर १९०९ मध्ये, संडरलँडविरुद्ध. मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या घरच्या सामन्याला तीस हजारांवर प्रेक्षक होते. तो २-२ सुटला आणि त्यात टलला पाडल्याबद्दल टॉटनहॅमला पेनल्टी मिळाली. ऑक्टोबरात ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर जे झालं त्याबद्दल खाली वेगळं लिहितो. त्यानंतर तो बराच काळ राखीव संघातच राहिला. ऑक्टोबर १९११ मध्ये नॉर्दॅम्प्टन टाउनने त्याला घेतलं. तिथले व्यवस्थापक होते हर्बर्ट चॅपमन, तेच ज्यांनी पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलला विजेतेपदं मिळवून दिली. त्या व्यवहारात नॉर्दॅम्प्टनचा चार्ली ब्रिटन टॉटनहॅमला गेला.

२१ डिसेंबर १९१४ रोजी टल मिडलसेक्स रेजिमेंटच्या १७व्या बटालियनमध्ये भरती झाला. हीच 'फुटबॉल बटालियन'. ३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला आणि २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये फाव्रय गावाजवळ मारला गेला. वय २९. मृतदेह मिळाला नाही.

मैदानमाप

चांगला धागा. खेळाच्या बाजूने भर घालतो, कारण आकडे वाचताना इथेच गोंधळ होतो.

बहुतेक संकेतस्थळांवर टलच्या नावापुढे '१० सामने, २ गोल' एवढंच दिसतं. ते फक्त फुटबॉल लीगमधले, म्हणजे टॉटनहॅमचे सामने : १९०९-१० मध्ये ७ आणि पुढच्या हंगामात ३. नॉर्दॅम्प्टन तेव्हा सदर्न लीगमध्ये खेळत होतं आणि फुटबॉल लीगच्या आकडेवारीत सदर्न लीग धरली जात नाही. नॉर्दॅम्प्टनसाठी तो शंभराहून जास्त सामने खेळला आणि ९ गोल केले. काही ठिकाणी ११० सामने लिहिलेले दिसतात, काही ठिकाणी १११. पण दहा सामन्यांवरून "फारसा खेळला नाही" असं कोणी म्हणालं तर समजावं की त्याने अर्धीच नोंद पाहिली आहे. तेव्हाची सदर्न लीग दुय्यमही नव्हती. टॉटनहॅमने १९०१ चा एफए कप जिंकला तो सदर्न लीगचा संघ असतानाच.

दुसरं, जागा. तेव्हा सगळे २-३-५ खेळायचे : दोन फुलबॅक, तीन हाफबॅक, पाच आघाडीचे. टॉटनहॅममध्ये टल 'इनसाइड फॉरवर्ड' होता, म्हणजे मधला आघाडीवीर आणि कडेचा विंगर यांच्यामधला. त्याचं काम चेंडू पुढे आणून योग्य वेळी सोडण्याचं. त्या काळात ऑफसाइडचा नियम तीन खेळाडूंचा होता, म्हणजे पास सुटताना पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन जण लागायचे (दोनचा झाला १९२५ मध्ये), त्यामुळे नुसतं पळून बचावाच्या मागे जाणं उपयोगाचं नव्हतं. पास कधी सोडायचा हे कळणारा माणूस लागायचा, आणि टलच्या खेळाचं कौतुक करताना वार्ताहर वेगापेक्षा हाच शांतपणा सांगतात. चॅपमनने त्याला हळूहळू 'विंग हाफ' केलं, म्हणजे मधल्या फळीत कडेला. समोरच्या इनसाइड फॉरवर्डला अडवायचं आणि चेंडू मिळाला की आपल्या विंगरला पुरवायचा. १०० सामन्यांत ९ च गोल का, याचं उत्तर या जागेत आहे. आणि त्या नऊपैकी चार एकाच सामन्यात, ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध, तो पुढे खेळत असताना.

सदाफुली

हाफबॅक, ब्रिस्टलचं सविस्तर लिहा ना. काही लेखांत लिहिलंय की त्या एका सामन्याने त्याची कारकीर्द संपवली. ते खरं आहे का?

हाफबॅक

सदाफुली ताई, जेवढं छापील नोंदीत आहे तेवढं सांगतो.

९ ऑक्टोबर १९०९, ब्रिस्टल सिटीविरुद्ध बाहेरचा सामना. प्रेक्षकांच्या एका गटाने टलला वर्णावरून शिवीगाळ केली. 'फुटबॉल स्टार'च्या वार्ताहराने लिहिलं की ही भाषा बिलिंग्जगेटपेक्षाही खालची होती. बिलिंग्जगेट म्हणजे लंडनचा मासळीबाजार, तिथल्या शिव्या प्रसिद्ध. त्याच वार्ताहराने ब्रिस्टलच्या त्या गुंडांना उद्देशून लिहिलं की टल मनाने आणि खेळाने इतका स्वच्छ आहे की इंग्लंडमधल्या सगळ्या गोऱ्या खेळाडूंनी त्याचा आदर्श घ्यावा, आणि त्या दिवशी मैदानावरचा सर्वोत्तम आघाडीवीर तोच होता. १९०९ साली वर्णद्वेषी शिवीगाळीचा एवढा स्पष्ट निषेध छापून आला, हे या नोंदीचं मोल आहे.

त्यानंतर तो राखीव संघात गेला हे खरं. पण टॉटनहॅमने कारण कुठे लिहून ठेवलेलं नाही. संघ त्याच वर्षी दुसऱ्या विभागातून वर आला होता आणि आघाडीच्या फळीत सतत बदल चालले होते. शिवीगाळीमुळे व्यवस्थापनाने हात आखडता घेतला असणं अगदी शक्य आहे, माझंही मत तसंच आहे. पण ते अनुमान म्हणूनच मांडायला हवं. आणि "कारकीर्द संपली" हे तर नक्कीच खोटं. नॉर्दॅम्प्टनची तीन वर्षं त्यानंतरची आहेत.

दप्तरखाना

'पहिला' या विशेषणाबद्दल. इंग्लंडमध्ये टलच्या आधी अँड्र्यू वॉटसन होता. जन्म ब्रिटिश गयानातला, स्कॉटलंडचा खेळाडू. १८८१ मध्ये लंडनला इंग्लंडविरुद्ध ६-१ असा सामना जिंकणाऱ्या स्कॉटलंडचा तो कर्णधार होता. आर्थर व्हार्टन, अक्रात (आजचं घाना) जन्मलेला गोलरक्षक, १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनचा व्यावसायिक खेळाडू झाला. विली क्लार्क ॲस्टन व्हिलाकडून १९०१ मध्ये पहिल्या विभागात गोल करून बसला होता. टल पहिल्या विभागात खेळलेल्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या कृष्णवर्णीयांपैकी एक, एवढं म्हणावं.

अधिकाऱ्यांबाबतही तसंच. जॉर्ज बेमंडला १९१५ मध्ये तोफखान्यात कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं, तो १९१६ च्या डिसेंबरात मारला गेला. जमैकाचा डेव्हिड क्लेमेटसनही १९१५ मध्येच अधिकारी झाला आणि सप्टेंबर १९१८ मध्ये गेला. टलचं वेगळेपण असं की तो शिपायातून वर आला आणि पायदळात, आघाडीवर, गोऱ्या सैनिकांच्या तुकडीचं प्रत्यक्ष नेतृत्व केलं.

आडवाट

पण कृष्णवर्णीयांना अधिकारी व्हायला नियमाने तर मनाई होती ना? मग कमिशन मिळालं कसं?

दप्तरखाना

मनाई दोन जागी होती. १९१४ च्या लष्करी कायद्याच्या पुस्तिकेत कृष्णवर्णीयांचा उल्लेख परकीयांसोबत येतो : भरती होता येईल, पण वॉरंट ऑफिसर किंवा सार्जंटच्या वर जाता येणार नाही. दुसरी मनाई जास्त थेट होती. टलला कमिशन मिळालं ते 'स्पेशल रिझर्व्ह' या राखीव दलात, आणि त्या दलासाठी १९१२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत अट होती की उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा. म्हणजे कागदावर पाहिलं तर टलचा अर्ज पहिल्याच टप्प्यावर अडायला हवा होता.

अडला नाही, याची कारणं युद्धाच्या आकड्यांत आहेत. कनिष्ठ अधिकारी इतक्या संख्येने पडत होते की १९१६ च्या सुरुवातीपासून अधिकारी निवडण्याची पद्धतच बदलली. आघाडीवर काम केलेल्या शिपाई आणि सार्जंटांमधून उमेदवार निवडून त्यांना कॅडेट बटालियनमध्ये काही महिने शिकवायचं असं ठरलं. निवड प्रामुख्याने त्या माणसाच्या कमांडिंग ऑफिसरच्या शिफारशीवर. टल तेव्हा लान्स सार्जंट होता, दोन वर्षांची सेवा झालेली, आणि वरच्यांना तो हवा होता. फेब्रुवारी १९१७ मध्ये तो स्कॉटलंडमध्ये एअरशायरच्या गेल्स इथल्या कॅडेट बटालियनमध्ये गेला आणि मे अखेरीस कमिशन मिळालं. नियम रद्द झाला नव्हता. वरच्यांनी तो बाजूला ठेवला.

याच वर्षाचा आपल्याकडचा संदर्भ : ऑगस्ट १९१७ मध्ये पहिल्यांदा नऊ भारतीयांना 'किंग्ज कमिशन' देण्यात आलं. तोपर्यंत भारतीय सुभेदार किंवा रिसालदार कितीही अनुभवी असला तरी कालच आलेल्या ब्रिटिश सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली असायचा. दोन्ही दरवाजे एकाच उन्हाळ्यात किलकिले झाले, आणि एकाच कारणाने.

पलटण१७

फुटबॉल बटालियनबद्दल थोडं.

१९१४ च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलवर फार टीका होत होती. क्रिकेट आणि रग्बी थांबले, फुटबॉल चालूच. पण खेळाडूंचे करार एप्रिल १९१५ पर्यंतचे होते, सोडून गेले तर करारभंग. त्यावर तोडगा म्हणून १५ डिसेंबर १९१४ रोजी फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि १७वी मिडलसेक्स उभी राहिली. अट अशी की भरती झालेल्या खेळाडूला शनिवारी आपल्या संघाकडून खेळायला सोडलं जाईल. त्या सभेत पुढे आले ३५ खेळाडू. मार्च १९१५ पर्यंत सुमारे १,८०० व्यावसायिकांपैकी १२२ जणच आले होते. बटालियन भरली ती मुख्यतः संघांच्या समर्थकांनी. टल सहाव्या दिवशी भरती झाला, नॉर्दॅम्प्टनचा पहिला खेळाडू.

शिक्षण आधी लंडनच्या व्हाइट सिटीत, मग सरेमध्ये क्रॅनलीजवळ, मग नॉटिंगहॅमशरमध्ये क्लिपस्टन आणि शेवटी सॉल्सबरीच्या माळावर पेरहॅम डाउनला. १८ नोव्हेंबर १९१५ रोजी बटालियन फ्रान्सला पोचली.

इथे एक चूक सारखी दिसते : "टल १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पहिल्या दिवशी लढला." शक्यच नाही. १९१६ च्या वसंतात त्याला मानसिक आघातामुळे इस्पितळात हलवलं गेलं आणि ९ मे रोजी तो इंग्लंडला परत आला. पुन्हा फ्रान्सला निघाला २० सप्टेंबरला, आणि तेव्हा त्याची बटालियन बदलली होती. आता तो २३व्या मिडलसेक्समध्ये, म्हणजे 'दुसऱ्या फुटबॉल बटालियन'मध्ये होता. चूक होण्याचं कारण सोपं आहे. लोक १७व्या बटालियनचा इतिहास घेतात आणि त्यातली प्रत्येक लढाई टलच्या नावावर लावतात. डिसेंबरात त्याला 'ट्रेंच फीव्हर' झाला, उवांमधून पसरणारा ताप, आणि पुन्हा इंग्लंड. तिथून तो कॅडेट झाला.

ज्यांना बटालियन आणि माणूस यांची सांगड घालायची आहे त्यांनी आधी माणसाच्या जाण्या-येण्याच्या तारखा एका कागदावर मांडाव्यात, मग त्या चौकटीत बसतील तेवढ्याच लढाया घ्याव्यात.

नदीकाठ

इटलीचा भाग कोणी लिहिलेला नाही, म्हणून लिहितो. टलचं सैनिक म्हणून मोल खऱ्या अर्थाने तिथे कळतं.

ऑगस्ट १९१७ मध्ये तो अधिकारी म्हणून २३व्या बटालियनकडे परतला. बेल्जियममधली ईपरची तिसरी लढाई नुकतीच सुरू झाली होती. सप्टेंबरात मेनिन रोडच्या चढाईत ४१वी डिव्हिजन होती आणि २३वी मिडलसेक्स त्याच डिव्हिजनची. २४ ऑक्टोबरला कापोरेत्तोला इटलीची आघाडी कोसळली. इटालियन सैन्य पियावे नदीपर्यंत मागे आलं आणि त्यांच्या मदतीला ज्या ब्रिटिश डिव्हिजन्स नोव्हेंबरात आगगाडीने पाठवल्या त्यांत ४१वी होती. तिला मोंतेल्लो टेकडीच्या बाजूची नदीकाठची आघाडी मिळाली. पलीकडे शत्रू.

पियावेचं पात्र समजून घ्या. एकच धार नाही. रुंद दगडगोट्यांचं पात्र, त्यातून वेगवेगळे प्रवाह वाहतात आणि मध्ये वाळू-खडीची बेटं. पाणी आल्प्समधलं, हिवाळ्यात कमालीचं थंड, आणि धार जोराची. गोट्यांवर पाऊल टिकत नाही. कुठे कमरेइतकं पाणी आहे आणि कुठे डोक्यावरून जाईल हे रात्री दिसत नाही. म्हणून छाप्याआधी कुणीतरी पाण्यात उतरून उतार शोधावा लागतो. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांत टल होता.

१-२ जानेवारी १९१८ च्या रात्री मुख्य छापा. टलकडे 'संरक्षक तुकडी' होती, २६ जण. तिचं काम असं : मुख्य तुकडीच्या आधी पलीकडे पोचायचं, काठावर पसरून पालथं पडायचं आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या शत्रूला रोखायचं. मुख्य तुकडी आत जाऊन काम उरकते, परत येते, पाण्यात उतरते, आणि ती सुरक्षित झाल्यावरच संरक्षक तुकडी उठते. तोपर्यंत शत्रू जागा झालेला असतो आणि गोळीबार नेमका काठावर एकवटलेला असतो. ओले कपडे, गारठलेले हात, आणि सगळ्यात शेवटी नदी ओलांडायची. अशा कामात माणसं हमखास जातात. टलने सगळे २६ परत आणले, एकही जखमी नाही.

डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी लेखी गौरव केला : नदी पहिल्यांदा ओलांडणाऱ्यांत तुम्ही होता, आणि जोरदार गोळीबारातही तुकडी नेऊन एकाही हानीशिवाय परत आणली, असा त्याचा आशय. शौर्य आणि शांतपणा हे दोन्ही शब्द त्यात आहेत. वर मैदानमाप यांनी वार्ताहरांचा जो 'शांतपणा' सांगितला तोच इथे जनरलच्या कागदात दिसतो.

सदाफुली

वाचताना अंगावर काटा आला. मग मिलिटरी क्रॉस का नाही?

दप्तरखाना

मिलिटरी क्रॉसबद्दल तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

लॉफर्ड यांचा गौरव हा डिव्हिजनच्या पातळीवरचा कागद, पदक नव्हे. असे कागद डिव्हिजन प्रमुख स्वतःच्या अधिकारात देत. पदकासाठी शिफारस बटालियनकडून ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि मग सेनामुख्यालय अशी वर जायची आणि कुठल्याही पायरीवर थांबू शकायची.

टल मारला गेल्यावर त्याच्या बटालियनमधून एडवर्डला जी पत्रं गेली त्यांत त्याची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती असं लिहिलं आहे. 'शिफारस होती' या दाव्याचा आधार ही पत्रं आहेत, आणि तो चांगला आधार आहे, कारण लिहिणारे सोबतचे अधिकारी होते. प्रत्यक्ष शिफारशीचा कागद मात्र सापडलेला नाही. लंडनमधलं लष्करी दप्तर सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळालं आणि पहिल्या महायुद्धातल्या पदक-शिफारशींचा बहुतांश भाग गेला.

तिसरी गोष्ट नियमाची. त्या काळी मरणोत्तर देता यायचं ते व्हिक्टोरिया क्रॉस किंवा खलित्यात नामोल्लेख. मिलिटरी क्रॉस मरणोत्तर मिळत नसे, हयातीत शिफारस झाली असेल तरच. टल जानेवारीनंतर जवळपास बारा आठवडे हयात होता, म्हणजे वेळ होता. त्याला पदक नाकारण्यामागे अधिकारी असण्याचाच नियमभंग उघड होईल ही भीती होती, असं त्याला हे पदक मिळावं म्हणून मोहीम चालवणारे म्हणतात. मला ते पटण्याजोगं वाटतं. पण ज्या कागदावर हे लिहिलेलं असेल तो समोर नाही, त्यामुळे 'नाकारलं' हा शब्द मी वापरत नाही, 'मिळालं नाही' म्हणतो.

आडवाट

+१. हा फरक फार कमी लेखांत पाळलेला दिसतो.

पलटण१७

शेवटच्या दिवसाबद्दल.

४१वी डिव्हिजन मार्च १९१८ मध्ये इटलीहून फ्रान्सला परत आणली. २१ मार्चला जर्मनांचा मोठा हल्ला सुरू झाला आणि तिला घाईने बापोम या गावाच्या उत्तर-पूर्वेला लावलं. २४ तारखेला बापोम पडलं. २५ तारखेला २३वी मिडलसेक्स फाव्रयजवळ होती, बापोमपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटर उत्तरेला, आणि लढत लढत मागे हटत होती. त्यात टलला गोळी लागली. प्रायव्हेट टॉम बिलिंगहॅमने त्याला मागे आणण्याचा प्रयत्न केला, पण शत्रू इतका जवळ होता की त्याला सोडावं लागलं. बिलिंगहॅम हा लेस्टर फॉस या फुटबॉल संघाचा गोलरक्षक.

त्याच दिवशी बटालियनचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल ॲलन हेग-ब्राउनही मारले गेले. तेही फुटबॉलपटू, हौशी म्हणून टॉटनहॅम आणि क्लॅप्टन ओरिएंटकडून खेळलेले. त्यांची कबर आशिए-ल-ग्राँला आहे.

टलचा मृतदेह का मिळाला नाही याचं उत्तर नकाशात आहे. ती जमीन जर्मनांकडे गेली आणि ऑगस्ट अखेरीपर्यंत परत मिळाली नाही. पाच महिन्यांनी तिथेच पुन्हा लढाई झाली, तोफांनी तीच माती परत उलथली. मार्चमध्ये घाईने पुरलेलं कोणी असलं तरी खूण राहणं अवघड होतं.

त्याचं नाव उत्तर फ्रान्समधल्या आरास स्मारकावर सातव्या विभागात आहे. त्यामुळे "आरासच्या लढाईत मारला गेला" असं काही जण लिहितात. स्मारक आरासला असणं आणि मरण आरासला येणं वेगळं. त्या स्मारकावर १९१६ च्या वसंतापासून ७ ऑगस्ट १९१८ पर्यंत त्या भागात गेलेल्या, कबर नसलेल्या सुमारे ३५ हजार जणांची नावं आहेत. टलचा आणखी एक थोरला भाऊ विल्यम इंजिनियर्समध्ये होता, तोही युद्धाच्या परिणामांनी १९२० मध्ये गेला.

सदाफुली

मला हे कागद स्वतः पाहायचे असतील तर कुठून सुरुवात करू? घरबसल्या किती मिळतं?

दप्तरखाना

बरंच मिळतं, ताई. पहिली पायरी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं संकेतस्थळ, फुकट आहे. आडनाव, मृत्यूची तारीख आणि रेजिमेंट एवढंच टाका. बटालियनचा क्रमांक मुद्दाम रिकामा ठेवा. स्पेशल रिझर्व्हचे अधिकारी बऱ्याचदा मूळच्या राखीव बटालियनच्या नावावर नोंदलेले असतात, लढलेल्या बटालियनशी 'संलग्न' म्हणून. क्रमांक टाकला की शोध कोरा येतो आणि माणूस नाहीच असं वाटतं.

दुसरी पायरी लंडनच्या क्यू भागातलं राष्ट्रीय अभिलेखागार. अधिकाऱ्यांच्या व्यक्तिगत फायली 'डब्ल्यूओ ३३९' मालिकेत, युनिटच्या युद्ध-रोजनिश्या 'डब्ल्यूओ ९५' मध्ये, पदकांची कार्डं 'डब्ल्यूओ ३७२' मध्ये. शिपायांचे सेवापट 'डब्ल्यूओ ३६३' मध्ये, पण १९४० च्या आगीतून वाचलेले तेवढेच, साधारण दहापैकी चार. टल अधिकारी झाला म्हणून त्याची फाइल उरली. तो सार्जंटच राहिला असता तर बहुधा आज हाती काहीच नसतं.

रोजनिशी वाचताना एक ध्यानात ठेवा : त्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांचे फक्त आकडे. २५ मार्चसारख्या माघारीच्या दिवसांच्या नोंदी बऱ्याचदा नंतर, आठवून लिहिलेल्या असतात, म्हणून वेळा काटेकोर मानू नयेत.

कुलाबकर

महाराष्ट्रातल्या लोकांसाठी हाच शोध कसा चालतो हे जोडतो, कारण पद्धत थोडी बदलते.

टलसारखीच वाट काढलेला मुंबईचा एक माणूस : लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, ब्रिटिश हवाई दलात, २३व्या स्क्वाड्रनचा वैमानिक. जून १९१८ मध्ये त्याचं विमान शत्रूच्या बाजूला पडलं आणि ३० जूनला कैदेत जखमांनी मृत्यू आला. सोमच्या भागात हांगार इथे त्याची कबर आहे. तो अधिकारी म्हणून त्याची स्वतंत्र नोंद सहज सापडते.

शिपायांचं तसं नाही. मेसोपोटेमियात (आजचं इराक) १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी लढल्या, त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ तुर्कांनी कुट शहराला घातलेल्या वेढ्यात होत्या. कबर नसलेल्यांचं स्मारक बसरा इथे. पण बसऱ्याच्या भिंतीवर ब्रिटिश सैनिक आणि भारतीय अधिकाऱ्यांचीच नावं कोरली गेली. भारतीय शिपायांची पलटणीनिहाय फक्त संख्या. २०२१ मध्ये युद्धसमाधी आयोगाने स्वतःच्या अहवालात ही विषमता मान्य केली : सुमारे ४५ ते ५४ हजार जणांना असमान वागणूक मिळाली, आणि किमान १,१६,००० जणांची नावाने किंवा मुळीच नोंद झाली नाही.

तरी बऱ्याच शिपायांची नावं आयोगाच्या नोंदवह्यांत आहेत आणि आता संकेतस्थळावर शोधता येतात. आडनावाने शोधू नका, बहुतेकदा ते नसतं. नुसतं नाव, आणि 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. जिल्हा जुना टाकावा लागतो : रायगडसाठी कुलाबा, आणि तोही 'के' आणि 'सी' अशा दोन्ही आद्याक्षरांनी. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला, तेव्हा तिकडची गावं रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थानात शोधा. गावाचं नाव कारकुनाने कानाने ऐकून रोमन लिपीत लिहिलेलं असतं, म्हणून तीन-चार प्रकारे लिहून पाहा. तेही जमलं नाही तर पलटण क्रमांक आणि मृत्यूचा महिना टाकून पूर्ण यादी उतरवा आणि डोळ्यांनी चाळा. वेळ जातो, पण माणूस सापडतो.

इथल्या इथे पाहायची दोन ठिकाणं : पुण्यात खडकीचं युद्धस्मारक, ज्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या आणि ज्यांच्या कबरी राखणं शक्य नव्हतं अशा १,८०० हून अधिक जणांची नावं आहेत. आणि मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममधलं स्मारक, समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं.

सदाफुली

माझ्या यादीत ११०व्या पलटणीचं नाव आहे, गाव महाडजवळचं. म्हणजे जिल्हा कुलाबा, दोन्ही आद्याक्षरांनी, आडनाव रिकामं. बरोबर ना?

कुलाबकर

बरोबर. आणि मृत्यूच्या तारखेसाठी २९ एप्रिल १९१६ नंतरचा काळही धरा. त्या दिवशी कुट पडलं आणि ११०वीचे बरेच जण त्यानंतर तुर्कांच्या कैदेत गेले. वेढ्याच्या तारखांपुरता शोध घेतला तर ती सगळी नावं निसटतात.